नापास व्हायची टेस्ट

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग सोडून टाका," सर म्हणाले. सर म्हणजे आमच्या लॅबचे मालक. रिपोर्ट वेळेवर गेला की ते खूश; तो खरा असला तर बोनस.

मी सोडला नाही. पेशंट होते सुधाकरराव, कळमना बाजारातले धान्याचे आडते. जेवण दणदणीत, तरी शर्ट अंगावर लोंबत होता. डॉक्टरांना पॅन्क्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा, संशय होता. चरबी पचवणारा रस तिथे तयार होतो. तो आटला की खाल्लेलं तेल-तूप न पचता संडासवाटे निघून जातं. आमची फॅट टेस्ट तेच मोजते. तीन दिवसांची संडास डब्यात जमा करायची आणि त्या दिवसांत तेल-तूप दाबून खायचं. जे पोटात गेलंच नाही ते बाहेर काय येणार?

मी नवराबायकोला बोलावून घेतलं.

"काकू, जेवायला काय दिलं?"

"साधं वरण-भात. तेलाचा थेंब नाही देल्ला!" पोरगं मेरिटमध्ये आल्यासारखा काकूंचा चेहरा फुलला.

"अहो, मी तूप खायला सांगितलं होतं."

"तुमी तं सांगता, मॅडम. पन पथ्य केल्याबिगर रिपोर्ट चांगला कसा येईन?"

सुधाकरराव भडकले. "काहून वं, मले तपासाले आनलं का परीक्षेले बसवलं?"

मला हसू आलं आणि संतापही. शुगर तपासायच्या आधी आठवडाभर गोड बंद करणारी आपली जमात. रोग राहिला तरी चालेल, मार्क पडले पाहिजेत!

सरांनी कपाळाला हात लावला. "पुन्हा ते डबे? स्टाफ वासाने बोंबलतो."

"बोंबलू द्या, सर. हा रिपोर्ट गेला तर डॉक्टर भलतीकडेच रोग शोधतील आणि हा माणूस वाळत जाईल."

दुसऱ्या वेळी काकूंनी जिवावर उदार होऊन तूप वाढलं. फॅट भरपूर निघाली. मग इलास्टेज केलं, म्हणजे स्वादुपिंडातलं एन्झाइम संडासमध्ये किती उतरतं ते मोजलं. ते अगदीच कमी होतं. डॉक्टरांनी जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू केल्या. काही महिन्यांनी सुधाकरराव आले तेव्हा गालावर मांस होतं. मला फार बरं वाटलं.

काकू मात्र घुश्श्यातच. "पाहा मॅडम, पयला रिपोर्ट कसा मस्त होता. तुमच्या तुपानं खराब केला!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आता या तपासणीचा कुठलाही पेशंट आला तरी मी 'टेस्ट' हा शब्दच काढत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला गाठते आणि सांगते, तीन दिवस घरी जावई आलाय समजा.