थंडी दिंडोरीत, हुकूम कारवारहून

जानेवारीत नाशिकला राहून दाखवा, मग मला गुलाबी थंडीचं कौतुक सांगा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यात माझी बोटं आखडतात. डॉक्टरांनी फी घेऊन 'स्वेटर घाला' असा सल्ला दिला, त्याच आठवड्यात मी गाडी काढली. कारवार! सोबत धाकटा भाऊ दत्तू. वडिलांनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि त्याला दिंडोरीच्या द्राक्षबागेत. चैन दुसऱ्याची झाली असं दोघांनाही अजून वाटतं.

थंडीत बाग सोडून तो कधी हलला नव्हता. पारा फार उतरला की मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. त्याचा मुलगा मस्कतला, त्यामुळे या वेळी हे सगळं सून सुनंदाकडे होतं. दत्तूचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

संगमनेरच्या पुढचा घाट उजाडल्यावरच गाठा. ट्रकवाले तुम्हाला मोजत नाहीत. पुण्यापुढे रस्ता छान आहे. कोल्हापुरात पांढरा रस्सा मागून घ्या, वाढणारे विसरतात. दत्तूने ताट निवू दिलं आणि फोन लावला.

"ताई, तिला ओली लाकडं वेगळी ठेवायला सांगितलं."

"ती बाग सांभाळतेय की तुझा फोन?"

"तुला नाय कळायचं."

बेळगावला मुक्काम केला. तिथून यल्लापूरच्या घाटात खनिजाचे ट्रक आणि लाल धूळ. काचा वर ठेवा. कारवारला उतरलो तर घाम. साध्या लॉजमध्ये खोल्या स्वच्छ, बांगडा ताजा. माझी बोटं मुकाट्याने सुटी झाली.

दत्तू मात्र बनियनवर किनाऱ्यावर उभा राहून फोनवर ओरडत होता, "थंडी मोडली! इथं पंख्याशिवाय बसवत नाही. उद्या धूर नको, लाकूड वाया जाईल!"

"आबा, इथं लय गार हाय," पलीकडून सुनंदाचा आवाज मलाही ऐकू आला.

"सांगितलं तेवढं कर."

"बरं आबा."

कारवारात बसून दिंडोरीचं हवामान ठरवणारा हा माणूस मला कॉन्व्हेंटवरून टोमणे मारतो.

दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन बंद. शेजारच्या बागायतदाराने दत्तूला सांगितलं, पहाटे पारा फार उतरला, आमचे मणी तडकले. दत्तूने न विचारता माझीही बॅग भरली. परतीच्या रस्त्यात तो जेवला नाही, मला वळणावर ब्रेकही सुचवला नाही. सिन्नरला माझी बोटं पुन्हा आखडली.

दिंडोरीला उतरून तो थेट बागेत शिरला. ओळींमधून राखेचे काळे ढीग. घडामागून घड त्याने उचलून पाहिले. मणी शाबूत होते. सुनंदाने 'बरं' म्हटलं होतं आणि पहाटे शेकोट्या पेटवल्या होत्या. लोडशेडिंगमुळे फोन तेवढा चार्ज झाला नव्हता.

संध्याकाळी शेजारी आला. "फोनवरून सगळं नीट समजावलं होतं मी," दत्तू त्याला सांगत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदाने माझ्या हातात चहा दिला.

"आत्याबाई, पुढच्या थंडीत आबांना परत न्या."

"कुठे?"

"रेंज नसेल तिथं."