म्हसोबाच्या जत्रेतली कलेजी

माझी पुतणी सोनम आटपाडीच्या माळावर मेंढरांमागं वाढली. तिचा बाप धुळा, म्हणजे माझा दीर, कळप घेऊन पुढं चालायचा आणि ही पुस्तक वाचत मागनं. आता ती सांगलीच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या बशीत यकृताच्या पेशी वाढवते. घरी आली की आधी देवापुढं वाकते, मग वाद घालायला बसते.

यंदा तिचं काम अडलं होतं. पेशींभोवतीच्या पाण्यात क्षारांचे आयन असतात. त्यातलं कॅल्शियम काढलं तर पेशींची वाढ थांबते का, हे तिला बघायचं होतं. पण खाटीक सवडीनं कलेजी द्यायचा, तोवर आतलं रक्त गोठलेलं आणि पेशी मेलेल्या. शेवटी प्रयोगशाळेतले सर म्हणाले, आता एकदाच बघ, नाहीतर विषय सोड.

म्हसोबाच्या जत्रेत पहिलं बकरं आमचं. त्याच्या कलेजीचा घास देवाला आणि उरलेली मानकरी तात्याबांना, ही रीत.

"काकी, औंदा ती कलेजी मला पायजे. कापल्या कापल्या," सोनम म्हणाली.

तात्याबा कडाडले, "देवाचा घास सांगलीला नेतीस व्हय गं?"

"देवाला एक तुकडा पुरतोय आजोबा. बाकीची तुमालाच लागतीया."

माणसं हसली, तसे तात्याबा जास्तच पेटले. "धुळा, पोरीला आवर!"

धुळा बकऱ्याचं दावं धरून मागं सरला. मग मीच पुढं झाले.

"आवं तात्याबा, लग्न होऊन आल्यापास्नं हितला निवद मी करतीया. देवाला काय लागतं ते मला कळतंय. पोरगी कलेजी नेणार."

बकरं कापलं, तसा देवाचा तुकडा मी कडेनं कापून घेतला. सोनमनं उरलेल्या कलेजीच्या शिरेत बारीक नळी घालून क्षारांचं गार पाणी सोडलं. लाल रंग उतरत गेला.

"बया, मेल्या बकऱ्याला सलाईन!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं.

"ह्या पाण्यात कॅल्शियम न्हाई," सोनम मला सांगत होती. "त्याच्या जोरावर पेशी एकमेकींना धरून बसत्यात. आधी सुट्या करायच्या, मग कॅल्शियम द्यायचं."

बर्फाच्या पेटीत कलेजी ठेवून ती जीपनं गेली. प्रसादालाही थांबली नाही.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "काकी, जगल्या! कॅल्शियमच्या बशीत वाढाय लागल्यात. बिनकॅल्शियमच्या नुसत्या पडून हायत."

"मग त्यास्नी बी घाल की."

"आता घालणार. उठत्यात का बघू. सर म्हणाले, चालू ठेव."

तात्याबा तेव्हापासून आमच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत. देव कोपेल, असं गावभर सांगत फिरतात. मी रोज म्हसोबाला दिवा लावते. कोपायचं असेल तर तो माझ्यावर कोपेल, मी बघून घेईन. पुढच्या जत्रेची कलेजीही सोनमचीच, हे मी काल पारावर सगळ्यांदेखत तात्याबांना सांगून आले.