तेल म्हणजे तेल

थवीनने ऑइल चेंबरचे शेवटचे दोन बोल्ट काढले, चेंबर खाली घेतला आणि तोंड फिरवलं. आंबवलेल्या माशाची चटणी भाताशी खात जन्म गेलेला माणूस तो, वासाला भिणारा नव्हे. पण हा वास निराळा होता. जळकं तेल, पेट्रोल आणि विरघळलेलं रबर एकत्र कुजलं की येतो तसा. चेंबरच्या तळाशी काळा लिबलिबीत गाळ होता आणि त्यात न्हाणीत अडकलेल्या गुंतवळासारखे रबराचे धागे.

"हे इंजिन आहे की मोरी?" तो म्हणाला.

बाजूच्या बाकावर ख्रू पिकुल वही उघडून बसल्या होत्या. शाळेत गणित शिकवतात त्या; ख्रू म्हणजे तिथे शिक्षिका. "असंच लिहू?"

"मोरी नको. गाळ लिहा. आणि फोटो काढा."

गाडी ख्रूंचीच होती. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो लावलेलं पेट्रोल. एकोणऐंशी हजार किलोमीटर झाले आणि शाळेच्या वाटेवर तेलाचा लाल दिवा लागला. ख्रू गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम. नवं इंजिन द्यायला कंपनीने नकार दिला. मग ख्रूंनी जिल्ह्याच्या ग्राहक कार्यालयात अर्ज केला. सुनावणी गुरुवारी होती, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की जाणत्या मेकॅनिकचा सहीचा अहवाल आणा. अहवालात दोष इंजिनाचा निघाला तर इंजिन फुकट मिळणार. नाहीतर घरापासून अठ्ठावीस किलोमीटरवरच्या शाळेत रोज कसं जायचं, हा प्रश्न होता.

यसोथोन शहराकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर जाणता मेकॅनिक म्हणजे चांग थवीन. उस्तादाला तिथे चांग म्हणतात. सहा वर्षं लष्कराच्या वाहनतळावर ट्रक उघडले आणि नंतर एकतीस वर्षं या पत्र्याच्या शेडमध्ये पिकअप. अडीच लिटरचं डिझेल, चार सिलिंडर, लोखंडाचा ठोकळा. अशी इंजिनं तो डोळे मिटून खोलायचा. कोपऱ्यात दोनशे लिटरचा ड्रम उभा होता, त्यावर हातपंप, आत डिझेल गाड्यांचं घट्ट तेल. आलेल्या प्रत्येक गाडीत तेच जायचं. तेल बदललं की थवीन पुठ्ठ्याच्या तुकड्यावर किलोमीटर लिहून तो स्टिअरिंगखाली दोऱ्याने बांधायचा. त्या पंचक्रोशीत त्याचा पुठ्ठा म्हणजे पावती, हमी आणि आशीर्वाद.

ख्रूंच्या वडिलांची पिकअपही त्यानेच सांभाळली होती. सहा लाख किलोमीटर.

"आता मी सांगतो ते घ्या," थवीन हात पुसत म्हणाला. असा अहवाल लिहायची संधी तो कित्येक वर्षं शोधत होता. "एक लिटर. म्हणजे तुमची ती पाण्याची बाटली. तिच्यातून काढतात एकशे बावीस घोडे. माझ्या अडीच लिटरवाल्यातून नव्वद निघायचे, तेही कुरकुरत."

"मग हे चांगलंच नाही का, चांग?"

"तुमच्या वर्गातल्या तीन पोरांना दहा जणांचं काम लावा. करतील. किती दिवस?" त्याने इंजिनाच्या बगलेतून टर्बो सोडवला आणि आतली चकती बोटाने हलवली. ती खडखडली. "हे बघा. मिनिटाला दोन लाख फेरे घेते ही. हिला धरून ठेवतो तो तेलाचा पापुद्रा, केसाहून पातळ. तेल क्षणभर आटलं की संपलं. बरं, तेल आटलं कशाने? हा टायमिंगचा बेल्ट तेलात भिजत फिरतो. रबर. तेलात. बेल्टवर तेलाचा थेंब पडू नये म्हणून मी जन्मभर सील बदलले, आणि या लोकांनी बेल्टच तेलात बुडवला. तो झिजला, त्याचा भुगा झाला, भुग्याने तेलपंपाची जाळी बुजली." त्याने जाळी पुढे धरली. डांबर लावावं तशी ती लिंपली गेली होती. "शी. हात लावायचीही शिसारी येते."

थवीनची बायको बुआपान चिकट भाताची टोपली घेऊन आली होती. तिने लांबूनच नाक दाबलं. "आपल्या जत्रेतल्या बांबूच्या अग्निबाणासारखं आहे हे. छोटं, जोरदार आणि एकदाच उडणारं."

"हे लिहा," थवीन म्हणाला.

ख्रू हसल्या, पण लिहिलं नाही त्यांनी. हसताना त्या ड्रमकडे बघत होत्या. त्या वेळी ते थवीनच्या ध्यानात आलं नाही.

ख्रू गेल्यावर गाडी मागे ढकलायची होती, म्हणून ओढायचा हुक शोधायला त्याने डिकी उघडली. छत्र्या, वह्यांचा गठ्ठा आणि तळाला तेलाचे दोन डबे. चार-चार लिटरचे, सील न फोडलेले. त्याने एक उचलून उजेडात धरला. पातळ तेल, आणि खाली बारीक अक्षरांत, तेलात फिरणाऱ्या बेल्टसाठी योग्य. एका डब्यावर दुकानाचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्यावर गेल्या वर्षीचा. थवीनने पुढे जाऊन स्टिअरिंगखालचे पुठ्ठे पाहिले. अक्षर त्याचं. तारखा त्याच.

"काय झालं?" बुआपानने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणतोस आणि तोंड असं, जसं ते तेल प्यायलास."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलने यसोथोनला जाऊन नवा बेल्ट घेऊन आला आणि त्याचे दोन तुकडे केले. लसणाच्या लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत ड्रमचं तेल, दुसरीत डब्यातलं. सगळा गाव भरतो तेच अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल दोन्हींत थोडं थोडं घातलं, कारण छोट्या टर्बो इंजिनात पेट्रोल तेलात उतरतंच. मग दोन्ही बरण्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून भाताच्या शेगडीवर दोन दिवस मंद आचेवर ठेवल्या. बुआपानला भात शेजारच्या घरी शिजवून आणावा लागला. ती काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

बुधवारी दुपारी त्याने तुकडे बाहेर काढून व्हर्नियरने मोजले. ड्रमच्या तेलातला तुकडा सव्वा मिलिमीटर फुगला होता, आणि नखाने खरवडलं तर दाते पापडासारखे निघत होते. डब्यातल्या तेलातला तुकडाही फुगला होता. थोडासाच, पण फुगला होता.

म्हणजे इंजिन हलकटच होतं. पण त्याच्या घशात विष ओतणारा हात थवीनचा होता.

ख्रू संध्याकाळी सहीसाठी आल्या. थवीनने बाकावर दोन्ही डबे, दोन्ही बरण्या आणि दोन्ही तुकडे मांडून ठेवले होते. ख्रूंनी डबे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मला दिले का नाहीत?" थवीनने विचारलं.

"पहिल्या वेळी आणला होता. मी डिकीपाशी गेले, तोवर तुम्ही ड्रमचा पंप मारायला लागला होतात. म्हणालात, ख्रू, तेल म्हणजे तेल, घट्ट असलं की झालं. मग मी काय बोलणार?"

"बोलायचं. थांबा म्हणायचं."

"तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांची गाडी तुम्ही चालती ठेवलीत. तुम्हाला मी गाडीचं पुस्तक दाखवू?"

"मग दुसऱ्या वर्षी पुन्हा कशाला आणलात?"

ख्रूंनी दुसरा डबा उचलून पुन्हा खाली ठेवला. "वाटलं, या वेळी बोलेन."

थवीनला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. भीड ही भिकेची बहीण, हे इथल्या माणसाला कुणी शिकवत नाही. वडीलधाऱ्याला अडवू नये, एवढंच शिकवतात. आणि त्या शिकवणीच्या जोरावर तो एकतीस वर्षं उस्ताद म्हणून मिरवला होता. त्याच्यापुढे गप्प राहिलेली अशी किती माणसं असतील? किती डबे, किती डिक्यांत?

"चांग," ख्रू हळू आवाजात म्हणाल्या, "तेलाबद्दल कुणी विचारलेलं नाही. अर्जात फक्त बेल्ट आहे. तुम्ही बेल्टपुरतंच लिहिलंत तर?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चेंबर उघडला त्या दिवशीही माहीत होतं."

"हो."

"आणि तरी मला इंजिनाला मोरी म्हणू दिलीत."

"मला वाटलं, तुम्ही सही कराल."

त्याला स्वतःचीच शिसारी आली. सही करायला हात शिवशिवत होता, म्हणून जास्तच. बेल्टबद्दल लिहिलेलं सगळं खरं होतं. खऱ्यातलं अर्धं झाकलं की त्याला कुठला वास येतो, ते चेंबर उघडल्यापासून त्याच्या नाकात बसलं होतं.

त्याने वही ओढली आणि ख्रूंच्या सुबक अक्षरांखाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. बेल्ट तेलात ठेवणं चूक आहे. योग्य तेलातही तो फुगतो, माप सोबत. पण या गाडीत दोन वर्षं डिझेलचं तेल मी घातलं, मालकिणीने योग्य तेल आणलेलं असताना. खाली सही केली. मग विचार करून 'न विचारता' हे दोन शब्द मध्ये घुसवले.

गुरुवारी कंपनीच्या माणसाने अहवाल वाचला. वरची अडीच पानं त्याने भरभर उलटली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि फाइल मिटली. अर्ज तिथेच संपला. बेल्ट योग्य तेलातही फुगतो, यावर कुणी एक अक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर ख्रू थवीनशी बोलल्या नाहीत. पुढचे दीड महिने त्या भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्यावर वह्यांची पिशवी धरून शाळेत गेल्या.

त्या दीड महिन्यात थवीनने ते इंजिन बांधलं. मजुरी घ्यायची नाही, हे त्याने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. क्रँक घासून आणला, बेअरिंगं नवी बसवली, बेल्ट नवा घातला, टर्बो उघडून त्याची चकती बदलली, तेलाच्या वाटा तारेने आणि केरोसीनने सात वेळा धुतल्या. आठव्या धुण्यातही काळा कण निघाला तेव्हा त्याने कंपनीला, बेल्टला आणि स्वतःला एकाच शिवीत बसवलं. ते इंजिन त्याला आवडलं नाही. काम संपल्यावरही आवडलं नाही. पुस्तकाने बेल्टला एक लाख साठ हजार किलोमीटर दिले होते. त्याने पुठ्ठ्यावर लिहिलं, साठ हजार, मग उघडून बघणे.

गाडी न्यायला ख्रू आल्या तेव्हा त्याने दोन डब्यांपैकी एक त्यांच्यासमोर फोडला आणि ओतताना थांबला.

"बघा बरोबर आहे का."

ख्रूंनी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली, शिक्षिकेच्या सवयीने अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. "थोडं कमी ओता, चांग. पुस्तकात चार लिटर नाही, पावणेचार आहे."

थवीनने पावणेचार मोजलं.

ड्रम अजून कोपऱ्यात आहे, पिकअपसाठी. पण आता शेडमध्ये कुठलीही छोटी गाडी आली की थवीन बॉनेटला हात लावत नाही. आधी डिकी उघडायला लावतो. मालक ओशाळतात, काही नाही म्हणतात, छत्र्या आणि चपला बाजूला सारतात. गेल्या पावसाळ्यापासून सात डबे निघाले. प्रत्येक डबा निघाला की तो बाजूला थुंकतो, आणि मग पुस्तक मागतो.