नऊ नंबरला दोनच पुकारे

लॉ सीईटीचा अभ्यास करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. कारण उघड आहे. निकाल लागेपर्यंत आमच्याकडे दुसरं काही साठतच नाही! नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्याच्या एका दुकानाच्या माडीवर आमची अभ्यासिका होती. बारा खुर्च्या, एक लाकडी जिना आणि शेषरावकाका. मी तिथं दोन वर्षं काढली. आठवतील तसे सांगतो. शेवटचा किस्सा मी एरवी टाळतो, पण आज विषय निघालाच आहे.

*

काका अभ्यासिकेचे मालक. नोकरीभर कोर्टात पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकाराच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. काका रिटायर झाले, गळा झाला नाही! रोज दुपारी दोनला सराव पेपर असायचा. त्याआधी काका रजिस्टर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि एकेकाचा वडिलांच्या नावासकट पुकारा करायचे. उत्तर आलं की खूण. नाही आलं तर दुसरा पुकारा, मग तिसरा. तिसऱ्यालाही कोणी बोललं नाही की लाल शाईत ‘गैरहजर’. त्यात मग बदल नाही. पुढच्या मिनिटाला धापा टाकत आलात तरी त्या दिवशी तुम्हाला खुर्ची नाही.

एकदा संदीप, आमचा चार नंबर, समोरच्या टपरीवर भजी खात होता. तिसरा पुकारा त्याला रस्त्यापलीकडे ऐकू गेला. तोंडातली भजी न गिळता तो तिथूनच ओरडला, "हजर!"

काकांनी शांतपणे खूण केली. आम्ही हरकत घेतली, "काका, माणूस कुठाय?"

"आवाज आला ना? मंग माणूस आला. बाकीचं येतंय मागून!"

*

रत्नमालामावशी शेचाळीस वर्षांच्या. अंबड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सांभाळायच्या आणि ती सुटली की एसटीनं यायच्या. माहेर मेंढपाळांचं. लहानपणी संध्याकाळी वडिलांची मेंढरं मोजून आत घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. पेपरसुद्धा त्याच चालीनं सोडवायच्या. घाई करा म्हटलं की म्हणायच्या, "जल्दी मोजलं की एक मेंढरू कमी भरतंय, बाप्पा."

सवयीनं त्या आम्हालाही मोजायच्या. आम्ही होतो अकरा. मावशींचा आकडा मात्र रोज बारा. एक दिवस मला राहवेना. उभा राहिलो आणि एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवून मोजून दाखवलं. अकरा! मावशींनी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश मोजलं. बारा.

"तू जल्दी मोजून राह्यला, दत्ता," त्या म्हणाल्या आणि पेपरला लागल्या.

*

बारा खुर्च्यांवर अकरा माणसं, कारण नऊ नंबर रिकामा होता. रजिस्टरात मात्र नाव होतं, वैशाली रामभाऊ. काका तिचाही रोज पुकारा करायचे, पण दोनदाच. मग जिन्याकडे बघत थोडं थांबायचे, रकाना कोरा सोडायचे आणि दहा नंबरवर, म्हणजे माझ्यावर यायचे. तिच्या बाकावर रोज एक कोरा पेपरही ठेवायचे.

संदीप आमच्यातला सगळ्यात जुना, पाच वेळा परीक्षा देऊन बसलेला. त्यानं हकिकत सांगितली. चार वर्षांपूर्वी एका दुपारी पेपर संपायला थोडाच वेळ होता. वैशाली उठली, पेन उघडंच ठेवलं, "काका, आले दहा मिनिटांत," म्हणाली आणि जिना उतरली. ती परत आलीच नाही. काका जुन्या जालन्यातल्या तिच्या खोलीवर जाऊन आले. दोरीवर ओढणी वाळत होती. घरचे आले, पोलीस झाले. पत्ता लागला नाही.

एकदा धीर करून मी विचारलं, "काका, तिसरा पुकारा का नाही करत?"

"तिसरा केला का लिहावं लागतंय," काका म्हणाले. "आन् मला ते लिवायचं न्हाई."

मला त्यांची कीव आली. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

*

मे महिना. माडीवर चार पंखे, त्यातला जोरात फिरणारा एकच, नेमका नऊ नंबरवरचा! काका बँकेत गेले होते. पेपर संपवून संदीप म्हणाला, "पाच मिनिटं गार होतो," आणि त्या खुर्चीत जाऊन बसला. आम्ही त्याच्यापुढे चहा ठेवला. तो मान खाली घालून बसला होता. हाक मारली, वर बघेना. आम्हाला वाटलं, नाटकं करतोय. आम्ही आपल्या वाचनाला लागलो. निघायच्या वेळी मी त्याला गदागदा हलवलं तेव्हा तो उखडलाच.

"अरे, दहा मिनिटं बी बसू देत न्हाई का?"

तोवर बाहेर दिवे लागले होते आणि चहावर जाड साय धरली होती. संदीप चहाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली खुर्ची दाराजवळ ओढली, आणि पंखा असो नसो, तिथून हलला नाही.

*

आता माझा अवगुण. मला शेवटपर्यंत बसवत नाही. दोन तासांच्या पेपरला शेवटची दहा मिनिटं आली की पायात मुंग्या येतात. मग उरलेले प्रश्न अंदाजे ठोकायचे आणि उठायचं! सरावात हेच, परीक्षेतही हेच. याच पायांनी मला दोनदा नापास केलं. तिसरा प्रयत्न शेवटचा होता. एका बियाणे कंपनीत गोदामाची नोकरी तयार होती आणि या खेपेला नाही जमलं तर मुकाट्यानं तिथं लागायचं, असं मी घरी कबूल केलं होतं. वकील व्हायचं वेड लहानपणापासूनचं. ते असं दहा मिनिटांवर अडकलेलं बघून स्वतःचाच राग यायचा.

काका एकदाच बोलले. "दत्ता, तुला येतंय समदं. फक्त तू थांबत न्हाईस. जिन्याकडं बघत असतो रे सारखा."

*

परीक्षेला आठवडा होता. काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. जाताना रजिस्टर माझ्या हातात दिलं. "नवाला दोनच. इसरू नको."

दुपारी दोन वाजले. लाईट गेलेली, पत्रा तापलेला. सकाळीच कंपनीतून फोन आला होता, "येणार की नाही ते आत्ता सांगा." मी चिडलेलो होतो. आठपर्यंत पुकारा झाला. वैशाली रामभाऊ! एकदा. वैशाली रामभाऊ! दोनदा. जिना रिकामा. आणि माझा संयम सुटला. किती दिवस हे लटकत ठेवायचं? मी तिसऱ्यांदा ओरडलो, लाल पेन उचललं आणि ‘गै’ लिहिलं.

खालून, जिन्यातून, धाप लागलेल्या मुलीचा आवाज आला, "हजर, काका! दहाच मिनिटं झाली ना?"

पूर्ण जिना माझ्या नजरेसमोर होता. जिन्यावर कोणी नव्हतं. संदीपच्या हातातली पट्टी खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

"आवाज आला ना," मावशी वर न बघता म्हणाल्या. "खूण कर, दत्ता."

मी ‘गै’वरच खूण केली. पेपर वाटले. नवव्या बाकावर पेपर ठेवताना तो दोनदा निसटला. मग माझ्या जागेवर येऊन बसलो. थोड्या वेळानं डावीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज यायला लागला. माझ्या डावीकडे नऊ नंबर. मी मान वळवली नाही. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी पूर्ण दोन तास बसलो! शेवटची दहा मिनिटं एकेक प्रश्न दोनदा वाचला. उठायचं तर नऊ नंबरसमोरून जावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी काका आले, डोळ्याला काळा चष्मा. त्यांना आम्ही कोणीही काही सांगितलं नव्हतं. रजिस्टर त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी शेजारी उभा राहून रकान्यावर बोट ठेवत होतो. नावं त्यांना पाठच होती. आठ झाले. माझं बोट नऊवर गेलं.

"वैशाली रामभाऊ!"

काकांनी मान कलती केली. आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नाही. काकांनी मान डोलावली, खूण केली आणि लगेच माझ्या नावाचा पुकारा केला. दुसऱ्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलंच नाही.

बारा नंबर संपल्यावर त्यांनी खाली अंदाजानंच बेरीज लिहिली. "बारा. समदे हजर."

मावशी पेन्सिलीला टोक करत होत्या. म्हणाल्या, "मी कवाची तेच सांगून राह्यले."