गौरींसाठी घेतलेल्या गोळ्या

जयपूरला आमच्या शास्त्री नगरातला औषधवाला मला पाहिलं की न विचारताच प्रेग्नन्सी टेस्टचं किट काउंटरवर ठेवायचा. वर चार गिऱ्हाइकांदेखत, "भाभीजी, यही ना?" मेल्याला अक्कल म्हणून नाही. शेवटी मी रिक्षा करून झोटवाड्याहून किट आणायला लागले.

दोन वर्षं झाली, आम्हाला मूल हवं होतं आणि होत नव्हतं. तारीख चुकल्यावर आठवडाभर थांबा, मग सकाळी उठल्या उठल्या टेस्ट करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मला आठ तास दम निघत नव्हता. मी तारखेच्या चार दिवस आधीच टेस्ट करायचे. एकच रेघ यायची. मग पट्टी खिडकीत तिरकी धरून दुसरी शोधायची. नवरा बँकेत, खोट्या सह्या पकडणारा माणूस. तोही चष्मा पुसून बघायचा आणि पुसटशी आहे बहुतेक म्हणायचा. कसली पुसट आणि कसलं काय.

भाद्रपदात साताऱ्याहून सासूबाई गौरी बसवायला आल्या. माझी तारीख नेमकी पूजेच्या दिवशीची. त्यांनी बॅगेतून गौरींच्या मुखवट्यांआधी पाळी लांबवायच्या गोळ्या काढल्या. आमच्याकडे सणावाराला बायका घेतातच, मीही मुकाट्यानं घेतल्या. असलं काही आमच्या घरात पुरुषांच्या कानावर घालत नाहीत.

गौरी गेल्या, गोळ्या थांबवल्या. नवऱ्याच्या मोबाइलात मात्र माझ्या तारखा होत्या. सहा दिवस वर गेलेले बघून गडी स्वतः किट घेऊन आला, सोबत तोंड गोड करायला मावा कचोरी. गोळ्या मीच गिळलेल्या, तरी त्याचा चेहरा बघून मलाही वाटलं, कोण जाणे.

सकाळी एकच रेघ. दुपारी पाळी आली.

डॉक्टरीणबाईंनी मला झापलं. मूल हवंय तर या गोळ्या कशाला, आणि त्या घेतल्यावर तारीख लांबणारच, तिला चुकली म्हणायचं नाही. सासूबाई शेजारी खाली मान घालून ऐकत होत्या.

परतताना रिक्षात त्या माझा हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गोळी नको. आली पाळी तर आली, तशीच पूजेला बस. गौरी बाईच आहे ना? तिला कळत नाही होय?"

जिच्या घरात पाळीच्या बाईनं देवघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, ती हे बोलत होती. दोन वर्षांत मी कुणासमोर रडले नव्हते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून घर येईपर्यंत रडले.