मालखान्यातला रुळाचा तुकडा

“साहब, मेरी पटरी उठा ले गए. पूरे खेत का टाइम उठा ले गए!”

मी शिपायांची सकाळची हजेरी घेत होतो. आवाज असा दणदणीत, की ठाण्यामागच्या डबक्यावरचे बगळे उडाले ते थेट भिलाईला जाऊन उतरले असतील. आयुष्यात खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे विसरलो. हे ओरडणं मात्र कानातून जात नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. शहराबाहेर जिथे कुत्रंही फिरकत नव्हतं, तिथे फार्महाऊसं उगवत होती. ओरडणारे शेठ पंडरी बाजारातले कापडाचे व्यापारी. त्यांची टोमॅटोची शेती इतकी मोठी, की एका टोकाला गेलेला माणूस परत येईपर्यंत त्याची दाढी वाढावी. तिथे कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मुनीम त्यावर हातोडी मारायचा. सकाळी आठचा टोल पडला की कामाला लागायचं, पाचचा पडला की सुटायचं. टोल पडल्याशिवाय कोणत्याही बाईने ओळीतून कंबर सरळ करायची नाही, हा तिथला कायदा. तो तुकडाच चोरीला गेला होता.

फिर्याद नोंदवली, घटनास्थळाचा पंचनामा केला. भंगारवाले बोलावले. त्यांनी आईच्या शपथा घेतल्या. भंगारवाला खोटी शपथ हसून घेतो, खरी घेताना रडकुंडीला येतो. हे सगळे रडकुंडीला आले होते. म्हणजे माल बाजारात आलाच नव्हता.

खबर दिली फाट्यावरच्या चहावाल्याने. “साहब, एक बात अजीब है,” तो म्हणाला. “वो टमाटर वाली बाइयाँ दो दिन से उजाले में घर जा रही हैं. कल तो हँस भी रही थीं.”

अकरा बायकांना ठाण्यात आणलं. जबाब घ्यायला बसलो. “तुम्ही नेला?” “हव.” “म्हणजे नेला?” “हव.” “की नाही नेला?” “हव, साहेब.” हवालदाराने दोन पेनं संपवली, कागदावर फक्त ‘हव’ होतं. चोर माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो, त्याला फोडता येतं. सगळ्याला हो म्हणणाऱ्याला फोडायचं कुठून?

शेवटची बाई भंडाऱ्याकडची निघाली. मी माझ्या घरातली, तिकडचीच भाषा काढली. “काहून वं बाई, रूळ काय खायचा होता काय तुले?”

तिने हवालदाराच्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाली, “विहिरीत हाय. चौघीनं उचलला. पन नाव माह्यंच लिवा.”

“काहून पण?”

“पाचचा टोल साडेपाचले पडे. मंग सहाले. शेवटी तर अंधारातच पडे. माहा पोट्टा वर्साचा हाय, साहेब. घरी जाईपर्यंत रडून रडून झोपते. सासूले माय म्हणून राहिला तो. आमाले वाटलं, टोलच नसला तर दिवस बुडला का सुटी.”

विहिरीत गळ टाकला. दोर इतका सोडला, की खालून पाताळातलं कोणी ‘कोण पाहिजे’ विचारेल असं वाटलं. रूळ निघाला. जप्ती केली, सील ठोकलं, मालखान्यात ठेवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. कोर्टाने बाईला समज देऊन सोडलं आणि मुद्देमाल मालकाला परत देण्याचा हुकूम केला. मी निरोप पाठवला. शेठ आलेच नाहीत. दुसऱ्यांदा फोन केला, तर आवाजात लोणी. “रहने दीजिए साहब. आपके मालखाने में सेफ है.”

शेतावर गेलो, तेव्हा उलगडा झाला. पहिले दोन दिवस मुनीम गोंधळला होता, तेवढ्यात बायका उजेडात घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याने सांगून टाकलं: टोल नाही, तर सुटी कशी होणार? दिसतं तोवर तोडा. मी गेलो तोवर उन्हाळा लागला होता, दिवस मोठा झाला होता.

मी कामगार खात्याला पत्र लिहिलं. निरीक्षक आला. भला माणूस, चष्मा पुसत म्हणाला, “शेतमजुरांनाही किमान मजुरी आहे. जादा तासांचे पैसेही मागू. फक्त तास दिसले पाहिजेत. टोल किती वाजता पडतो?”

“टोल माझ्या मालखान्यात आहे.”

“मग काम कधी संपतं, ते मी लिहू कशावरून?”

त्याने ‘सुटीची वेळ निश्चित नाही’ असा शेरा मारला. जाताना त्याच्या जीपमध्ये टोमॅटोचं एक क्रेट होतं.

पुढे निवृत्त झालो. चौबे कॉलोनीत नातवंडांना मी शंभर दरोडेखोर एकट्याने पकडल्याचं सांगतो, पोट्टे ते मानतातही. हा तपास सांगत नाही. यात मी चोर पकडला, माल हस्तगत केला, एकही कलम चुकवलं नाही. आणि त्या अकरा जणींकडे दिवस संपल्याची जी एकुलती एक खूण होती, उशिरा का होईना वाजणारी, ती सील करून कुलपात घातली. कायदा कारखान्याच्या भोंग्यापाशी उभा राहतो, शेताच्या बांधावर त्याला पाय फुटत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. कळून पुढे मी काहीच केलं नाही.

त्या ठाण्यातून माझी बदली झाली, त्या आठवड्यात ती भंडाऱ्याची बाई फाट्यावर भेटली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “आता अंधार पडला की तरी सोडतात ना?”

“अंधार नाही पडत, साहेब,” ती म्हणाली. “त्यायनं लाइट लावले.”