कंट्रोल म्हणून दिलेलं रक्त

"तू टिप बदलायला विसरलीस," मार्गारेट म्हणाली. स्क्रीनवरची नजरसुद्धा हलवली नाही तिनं.

माझं डोकंच फिरलं. थेंब मोजून घालायच्या पिपेटची टिप न बदलणं म्हणजे तिखटाचा चमचा तसाच दुधात घालणं. वेलिंग्टनच्या या लॅबमध्ये नऊ वर्षं झाली मला, त्याआधी पुण्यात सहा. मी म्हटलं, "नाही विसरले."

"मग हे काय आहे?"

हे काय आहे, ते मलाही कळत नव्हतं.

आमच्याकडे अ‍ॅलर्जीतून दमा झालेल्या पेशंटचं रक्त येतं. रक्तात बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, अगदी मोजक्या. त्यांच्या अंगावर आयजीई नावाची प्रथिनं चिकटलेली असतात. एखाद्याला धुळीतल्या किड्यांची, म्हणजे डस्ट माइटची अ‍ॅलर्जी असेल, तर त्याची आयजीई त्या किड्याला बरोब्बर ओळखते. ओळख पटली की पेशी पोटातली रसायनं बाहेर ओतते. श्वासनळीत याच पेशींचे जातभाई बसलेले असतात. त्यांनी असं केलं की नळी आवळते, मागाहून दुसऱ्या पेशी जमतात आणि सूज धरते. आम्ही हा खेळ ट्यूबमध्ये करतो. रक्तात किड्याचा अर्क घालायचा आणि किती पेशी उसळल्या ते मशीनवर मोजायचं. एका वेगळ्या ट्यूबमध्ये कुणाच्याही पेशी उसळवणारं रसायन घालतो, पेशी जिवंत आहेत ना ते बघायला.

शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावतो. त्याला कंट्रोल म्हणायचं. त्याच्या पेशी अर्क घातला तरी गप्प बसायला हव्यात. हे रक्त लॅबमधलंच कुणीतरी देतं, आणि आमच्याकडे ते क्रेग देतो, एका चॉकलेट बिस्किटावर. त्या दिवशी क्रेग सुट्टीवर होता. मी बाही वर केली. फॉर्म भरला. अ‍ॅलर्जी आहे? नो. दमा आहे? नो. खाली सही ठोकली आणि कामाला लागले.

पेशंटच्या पेशी उसळल्या. त्या उसळणारच होत्या. पण कंट्रोलच्या त्याच्या दुप्पट उसळल्या!

"पेशी उसळवायचं ते रसायन टिपेतून सगळीकडे गेलंय," मार्गारेट म्हणाली. "बॅच फेकून दे."

ती पेशंट जॉन्सनव्हिलची एक शाळामास्तरीण. वर्षात दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलेली. तिला नवं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचं होतं, आणि ते फक्त आमच्या स्टडीतूनच मिळत होतं. इंजेक्शनआधीच्या रक्ताचा रिझल्ट नसेल तर नाव कट. सकाळी रक्त देताना बाई म्हणाली होती, "यंदा मुलांबरोबर कॅम्पला जाईन म्हणते." आणि माझ्या एका टिपेपायी ती घरी बसणार?

"तिचं रक्त अजून उरलंय," मी म्हटलं. "परत लावू. माझं नव्यानं काढ आणि तुझंही काढ. पिपेट तूच धर, मी हातसुद्धा लावत नाही."

"वैशाली, दुपार जाईल यात."

"जाऊ दे!" जरा जोरातच निघालं तोंडातून. बॉसवर ओरडायची आपली रीत नाही, पण त्या दिवशी ओरडले.

मार्गारेटनं सगळं स्वतः केलं. प्रत्येक टिप माझ्यासमोर मुद्दाम टप्पकन डब्यात टाकली. मी हाताची घडी घालून उभी होते.

मार्गारेटच्या पेशी गप्प होत्या. पेशंटच्या उसळल्या. माझ्या पुन्हा तशाच, दुप्पट.

मार्गारेट खुर्ची फिरवून म्हणाली, "तू नो वर टिक केलीस."

"मला काही नाहीये गं! नुसता खोकला असतो. इथला वारा, लोअर हटचं आमचं ओलं घर..."

"किती वर्षं?"

मी बोटांवर मोजलं. "नऊ."

"रक्तावरून फक्त अ‍ॅलर्जी कळते," ती म्हणाली. "दमा आहे का ते फुंकून बघू. चल."

मशीनमध्ये फुंकले. मग श्वासनळी मोकळी करणारा निळा इनहेलर घेतला, पंधरा मिनिटं थांबले, पुन्हा फुंकले. दुसरा आकडा बघून मी हबकलेच. एवढी हवा माझ्या छातीत मावते? नऊ वर्षं मी स्टेशनचा चढ थांबत थांबत चढत होते आणि वय झालं म्हणत होते. वय किती, तर एकेचाळीस!

दिवसभर दम्याच्या पेशी मोजणारी बाई मी. पण आमच्याकडे, तिकडे पुण्यात, दमा म्हणजे खाटेवर बसून धापा टाकणारे कुणीतरी म्हातारे काका. खोकला म्हणजे दमा नव्हे. खोकल्याला हळदीचं दूध.

मार्गारेटच्या रक्तानं कंट्रोलचं काम केलं. बॅच वाचली, आणि मास्तरीणबाईंना सकाळी इंजेक्शन मिळालं. "टिपेबद्दल सॉरी," मार्गारेट म्हणाली, आणि क्रेगचं बिस्किट मला दिलं.

घरी गेल्यावर लेकीला, इराला, सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू ऑलवेज साउंड लाइक दॅट. आय थॉट तुला माहितीये."

पुण्याहून आणलेली गोधडी इथे नऊ वर्षांत धड उन्हात पडली नव्हती. तिच्यातले किडे मरावेत म्हणून ती गरम पाण्यात धुवायला टाकली. सगळा रंग गेला.

आता कंट्रोलचा फॉर्म कुणीही भरला की मी नुसत्या टिक-खुणेवर जात नाही. समोर बसवून विचारते, खोकता का, चढ चढताना थांबता का.

रविवारी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती भडकलीच. "दमा? काहीतरीच काय! आपल्या घरात कुणालाही नाही." एवढं बोलली आणि खोकायला लागली. बराच वेळ.

"आई, हा खोकला कधीपासून आहे?"

"हा होय? हा तर नेहमीचाच."